‘छान आहे’च्या पुढे : निसर्गछायाचित्रांवरील परस्पर-अभिप्राय वर्गाचे परीक्षण

गेली अकरा वर्षे मी निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढतो आहे. या काळात माझ्या छायाचित्रांना मिळालेले बहुतेक अभिप्राय दोनच प्रकारांत मोडत होते : ‘फारच सुंदर’ हा एक आणि ‘क्षितिज मध्यभागी नको होते’ हा दुसरा. पहिल्याने बरे वाटले, दुसऱ्याने थोडा वेळ अस्वस्थ केले. परंतु पुढच्या वेळी पहाटेच्या अंधारात ट्रायपॉड उभा करताना या दोहोंपैकी एकही उपयोगी पडला नाही. त्यामुळे निसर्गछायाचित्रकारांनी एकमेकांच्या चित्रांवर अभिप्राय कसा द्यावा, एवढेच शिकवणारा एक वर्ग सुरू होत असल्याचे कळले, तेव्हा मी लगेच नाव नोंदवले. वर्ग १२ आठवड्यांचा होता. आठवड्याला अडीच तासांची एक बैठक, ८ सहभागी आणि १ मार्गदर्शक, अशी त्याची रचना होती. चालवणाऱ्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि अशा सेवेकडून आपण काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न मला त्या नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

वर्गाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरली आणि शेवटपर्यंत फारशी बदलली नाही. चित्र पडद्यावर आले की पहिली ५ मिनिटे कोणीही बोलायचे नाही. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत प्रत्येकाने जे दिसते तेवढेच सांगायचे. आवडले की नाही, चांगले की वाईट, हे शब्द त्या फेरीत वर्ज्य. ज्याचे चित्र असेल त्याने या वेळी गप्प बसून ऐकायचे. दुसऱ्या फेरीत चित्रकर्त्याने प्रश्न विचारायचे, तिसऱ्या फेरीत इतरांनी त्याला विचारायचे, आणि मत द्यायचे ते सर्वांत शेवटी, तेही ‘आकाशाविषयी माझे एक मत आहे, ऐकायचे आहे का?’ असे विचारून. हा क्रम वर्गाने स्वतः शोधलेला नाही आणि मार्गदर्शकांनी तसा दावाही केला नाही. वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग मूल्यमापन ही चार पायऱ्यांची पद्धत कलाशिक्षणात एडमंड फेल्डमन यांच्या नावाने ओळखली जाते, तर परवानगी घेऊन मत देण्याची रीत अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलेली आहे. नृत्यासाठी तयार झालेली शिस्त डोंगर आणि पाण्याच्या चित्रांना इतकी नेमकी लागू पडेल, असे मला आधी वाटले नव्हते.

या शिस्तीचा उपयोग मला दुसऱ्या आठवड्यात पटला. एका सहभागी ताईंनी सूर्योदयाच्या वेळचे एका तळ्याचे चित्र आणले होते. वर आकाश, खाली पाण्यातील त्याचे प्रतिबिंब, मध्ये काळसर डोंगररांग. आम्हा सर्वांनाच त्यात काहीतरी खटकत होते. एरवी अशा वेळी ‘आकाश कृत्रिम वाटते’ एवढे बोलून माणसे मोकळी होतात आणि चित्रकर्ता घरी जाऊन सगळेच रंग थोडे थोडे कमी करून पाहतो. येथे मात्र मत द्यायची बंदी असल्यामुळे सर्वांना केवळ पाहावे लागले, आणि चौथ्या क्रमांकावर बोलणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की त्यांना पाण्यातले आकाश वरच्या आकाशापेक्षा अधिक उजळ दिसते आहे. कारण तिथेच सापडले. पाणी त्याच्यावर पडलेला सगळा प्रकाश परत पाठवत नाही, त्याचा काही भाग आत शिरतो. त्यामुळे आकाशाच्या ज्या भागाचे प्रतिबिंब आपण पाहतो, त्या भागापेक्षा ते प्रतिबिंब अधिक उजळ असू शकत नाही. ताईंनी वरच्या भागासाठी वापरलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद आणि खाली पारदर्शक होत जाणारी काच) गरजेपेक्षा एका पायरीने गडद होता. अस्वस्थतेला आता चौकटीत जागा मिळाली, जागेला कारण मिळाले आणि कारणाबरोबर उपायही मिळाला. डोळ्यांना हे खटकते, पण शब्दांत सापडत नाही. ते शब्दांत आणून देणे हेच अभिप्राय देणाऱ्याचे काम आहे, आणि या वर्गाने शिकवलेल्या सर्व गोष्टींमध्ये मी हीच सर्वांत मोलाची मानतो.

माझ्या स्वतःच्या चित्राच्या बाबतीत तर कोणी मत देण्याची वेळच आली नाही. ओहोटीच्या वेळी खडकांमधून ओढले जाणारे समुद्राचे पाणी मी ३० सेकंदांच्या एक्स्पोजरने, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवून, टिपले होते आणि ते मला फार प्रिय होते. वर्णनाच्या फेरीत सात जणांनी जे शब्द वापरले ते असे होते : धुके, शांतता, दूध, ढगांवर तरंगणारे खडक. मी गप्प बसून ऐकत होतो आणि मला त्या पाण्याची ओढ, पायाखालची वाळू खेचून नेणारा त्याचा जोर दाखवायचा होता, हे एकाही शब्दात येत नव्हते. सात माणसे एकमताने शांतता पाहत असतील, तर त्या चित्रात जोर नाही, हे सांगायला आठव्या माणसाची गरज उरत नाही. पुढे प्रश्नांच्या फेरीत मी स्वतःच शटरच्या वेगाविषयी विचारले, आणि अर्ध्या ते एका सेकंदाच्या आसपास थांबले तर पाण्याचे धागे शिल्लक राहतात, दिशा दिसते, हे दोघांनी आपापल्या चित्रांच्या आधारे दाखवले. माझ्या चित्राला कोणी वाईट म्हटले नाही, आणि तरीही त्या संध्याकाळइतका स्पष्ट अभिप्राय मला त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता.

प्रश्न कसा विचारावा यावर दोन बैठका खर्च झाल्या. त्या मला सुरुवातीला जास्त वाटल्या, आता वाटत नाहीत. ‘ते झुडूप तिथे कशाला ठेवले?’ हा प्रश्न नसून प्रश्नचिन्ह लावलेला ठपका आहे, आणि त्याला उत्तर म्हणून चित्रकर्ता केवळ बचाव करतो. ‘डाव्या कडेची चौकट ठरवताना तुम्ही काय पाहत होता?’ असे विचारले, तर कधी कळते की झुडूप काढले असते तर मागचा रस्ता दिसला असता, आणि कधी चित्रकर्ताच प्रांजळपणे सांगतो की ते झुडूप त्याने त्या क्षणी पाहिलेलेच नव्हते. दुसरे उत्तर अधिक वेळा मिळाले. म्हणूनच मार्गदर्शकांनी सुचवलेला ‘चौकटीच्या प्रदक्षिणे’चा सराव मी आता स्वतःच्या चित्रांवरही करतो. मध्यभागाकडे न पाहता चारही कडांवरून बोट फिरवत सावकाश जायचे. अर्धवट कापलेली फांदी, कोपऱ्यात चमकणारा एखादा दगड, सूर्य पाठीशी असताना खालच्या कडेवर पडलेली छायाचित्रकाराची स्वतःचीच सावली, आकाशात सेन्सरवरच्या (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावरच्या) धुळीचा फिकट करडा ठिपका, अशा गोष्टी या फेरीत सापडतात. असा ठिपका लेन्सच्या एफ/१६सारख्या लहान छिद्रावर अधिक ठळक होतो आणि निसर्गचित्रे बहुधा त्याच्या जवळपासच्या छिद्रांवर काढली जातात, त्यामुळे आठपैकी पाच जणांच्या आकाशात तो निघाला.

नियमांचा आधार घेऊन बोलण्याला वर्गात मनाई होती, आणि या मनाईचे मी स्वागत करतो. एक-तृतीयांशाचा नियम (चौकटीचे तीन समान भाग करून मुख्य गोष्टी त्या विभागरेषांवर ठेवण्याचा) हा त्यातला सर्वांत परिचित नियम. इंग्रज चित्रकार आणि कोरीवकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये तो या नावाने निसर्गदृश्यांच्या चित्रांसंदर्भात मांडला होता, आणि आज कॅमेऱ्याच्या पडद्यावरच त्याच्या रेषा दाखवण्याची सोय असते. क्षितिज मध्यभागी आले आहे हे सांगण्यात काही चूक नाही, मात्र त्यामुळे या विशिष्ट चित्राचे काय झाले, ते पुढे सांगितलेच पाहिजे, असा वर्गाचा आग्रह होता. तळ्याच्या त्या चित्रात क्षितिज बरोबर मध्यात होते आणि वरची-खालची बाजू सारखी असणे हाच त्या चित्राचा विषय होता. एका धुळकट माळरानाच्या चित्रात मात्र तेच मध्यभागी आलेले क्षितिज आकाश की जमीन हा निर्णय टाळण्यासाठी आल्यासारखे दिसले.

चंद्राच्या चित्राविषयीची चर्चा या वर्गाने फार चांगल्या रीतीने हाताळली. एका तरुण सहभागीने रुंद दरीवर उगवलेला भलामोठा चंद्र दाखवणारे चित्र आणले. चंद्र आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा कोन व्यापतो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने टिपल्यास सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ०.२ मिलिमीटरची पडते, म्हणजे दरीइतक्या रुंद दृश्यात तो टिकलीएवढाच दिसायला हवा. हे खोलीतल्या निदान चौघांना माहीत होते, आणि ‘हे खोटे आहे’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर आले असणार. पद्धतीनुसार ते प्रश्नाच्या रूपात आले : हे चित्र किती लेन्स वापरून तयार झाले? त्या तरुणाने दोन वेगळी एक्स्पोजर जोडल्याचे सहजपणे सांगितले, त्यात त्याला लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. त्यानंतर अर्धा तास चर्चा झाली ती जोडचित्र करावे की नाही याविषयी नव्हे, तर पाहणाऱ्याला ते कुठे सांगावे आणि डोंगरावरचा प्रकाश चंद्राच्या दिशेशी का जुळत नाही याविषयी. तो मुलगा पुढच्या सर्व बैठकांना आला. पहिल्याच वाक्यात त्याला खोटा ठरवले असते तर तो आला नसता, याची मला खात्री आहे.

संस्करणाविषयी, म्हणजे चित्र टिपल्यानंतर त्यावर केल्या जाणाऱ्या कामाविषयी, बोलताना मार्गदर्शकांनी अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे टिपलेल्या चंद्रोदयाचा दाखला दिला. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी कित्येक दशके प्रिंट काढले, आणि सुरुवातीच्या प्रिंटमधील फिकट, ढगाळ आकाश नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळे होत गेले. निगेटिव्ह ही संगीतकाराची स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते स्वतः म्हणत. या दाखल्यामुळे ‘सावल्या उघडा’, ‘कॉन्ट्रास्ट वाढवा’ अशा सूचना देताना आम्ही सावध झालो, कारण प्रत्येक सूचनेमागे आपले स्वतःचे सादरीकरण दडलेले असते.

आता तक्रारींकडे येतो. त्यांतील पहिली गंभीर आहे आणि सहज टाळता येण्यासारखी होती. पहिले चार आठवडे सर्व चित्रे अर्धवट अंधाऱ्या खोलीत साध्या प्रोजेक्टरवर दाखवली गेली. त्याचे रंग फिके होते आणि गडद भाग एकमेकांत मिसळत होते. परिणामी एका सहभागीला तिच्या जंगलाच्या चित्रातील सावल्या पूर्ण काळ्या झाल्याचे सर्वांनी सांगितले, प्रत्यक्षात मूळ फाइलमध्ये तिथे पानेच्या पाने स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या एकाने अॅडोबी आरजीबी या विस्तृत रंगश्रेणीतील चित्र प्रोफाइल (रंग कसे वाचायचे हे सांगणारी नोंद) न जोडता पाठवले होते. पडद्यावर ते मलूल दिसले आणि आम्ही सर्वांनी मिळून त्याला पंधरा मिनिटे सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवण्याचा सल्ला दिला. तो सल्ला त्याने मानला असता तर चांगले चित्र बिघडले असते. पाचव्या आठवड्यात कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला, मॉनिटर आला, ६५०० केल्व्हिनचा पांढरा बिंदू (पांढऱ्याची प्रमाण छटा) आणि दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला उजळपणा ठरवला गेला, आणि सर्वांना चित्रे एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगश्रेणीत पाठवण्याची सूचना मिळाली. ही तयारी पहिल्या दिवशीच असायला हवी होती. अभिप्राय देण्याचे शुल्क घेणाऱ्याने, आपण नेमके चित्रकर्त्याचेच चित्र पाहत आहोत, याची खात्री प्रथम करावी, ही माझ्या मते किमान अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार मांडताना मला संकोच वाटतो, कारण मार्गदर्शक मनापासून शिकवत होते. त्यांना धुके, करडे-निळे रंग आणि मोकळी जागा असलेली चित्रे आवडतात. ते स्वतः हे लपवत नाहीत, आणि अशी चित्रे पडद्यावर आली की त्यांचा स्वर बदलतो, वर्णनाच्या फेरीतही. आठव्या आठवड्यापासून मला जाणवू लागले की लोक त्यांना आवडतील अशी चित्रे निवडून आणत आहेत. दहाव्या बैठकीत आठपैकी पाच चित्रांमध्ये धुके होते. त्याच बैठकीत एका गृहस्थांच्या केशरी सूर्यास्तावर मार्गदर्शकांनी ‘थोडे जास्तच झाले’ एवढे म्हणून विषय संपवला. कुठे जास्त झाले, कशामुळे झाले आणि किती कमी केले म्हणजे पुरेल, यातले काहीही आले नाही. आपणच घालून दिलेला नियम त्यांनी मोडला. बैठकीनंतर मी हे त्यांच्याशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले, मान्य केले आणि उरलेल्या दोन बैठकांत ते सर्वांच्या नंतर बोलले. त्याने फरक पडला, पण तोवर त्या गृहस्थांनी रंगीत सूर्यास्त आणणे थांबवले होते, आणि मला वाटते की त्यांची खरी ताकद तिथेच होती.

लेखी अभिप्रायाचे आश्वासन होते. बारापैकी तीनच बैठकांनंतर तो मिळाला आणि त्यातली काही वाक्ये माझ्या आणि दुसऱ्या एका सहभागीच्या पत्रात शब्दशः सारखी होती. वेळेचे गणितही जुळत नव्हते : १५० मिनिटांत ८ चित्रे म्हणजे विश्रांती न घेता प्रत्येकी जेमतेम १९ मिनिटे, त्यातली ५ मौनाची. सहा सहभागी घेतले असते तर बरे झाले असते.

तरीही हा वर्ग मी चांगला मानतो, आणि त्याचे कारण चित्रांची परतभेट हे आहे. चर्चा झालेले चित्र चार आठवड्यांनी पुन्हा आणायचे असते, शक्य असेल तर त्याच जागी जाऊन नव्याने काढून. पहाटेच्या डोंगराचे एक चित्र होते. त्यात जवळच्या एकट्या झाडाचा शेंडा मागच्या डोंगराच्या धारेवर आडवा येत होता आणि दोन्ही आकार एकमेकांत अडकले होते. कॅमेरा हातभर उंच न्यावा, म्हणजे जवळचे झाड दूरच्या धारेच्या तुलनेत खाली सरकेल, असा सल्ला आम्ही एकमताने दिला होता. भूमितीच्या दृष्टीने तो अचूक होता. त्या बाई दोनदा पहाटे तिथे गेल्या, एका खडकावर चढून त्यांनी चित्र काढले आणि चार आठवड्यांनी आणले. झाड धारेपासून सुटले होते. पण उंचीवरून पाहिल्यामुळे समोरच्या खडकांमधील फटी उघड्या पडल्या होत्या, त्यांतून रिकामी करडी जमीन दिसत होती, आणि पहिल्या चित्रात पायांजवळून डोंगरापर्यंत नेणारी खडकांची जी सलग ओळ होती, ती तुटली होती. आम्ही सात जण ते चित्र पाहत ५ मिनिटे गप्प बसलो. आपल्या सल्ल्याने एक दोष गेला आणि एक गुण हरवला, हे पहिल्या वेळी आमच्यापैकी कोणालाच दिसले नव्हते, कारण आम्ही सर्वांनी फक्त झाडाकडे पाहिले होते. बाईंनी तिसरा मार्ग स्वतः शोधला : उंची पूर्वीचीच ठेवून दोन पावले डावीकडे जायचे, म्हणजे झाडाचा शेंडा धारेच्या खाचेत, आकाशासमोर येतो. ते चित्र त्यांनी शेवटच्या बैठकीत दाखवले. त्यानंतर मी कोणालाही जागा बदलण्याचा सल्ला देतो तेव्हा, त्या बदलाने चौकटीतले आणखी काय काय हलेल, हे आधी मनात पाहून घेतो, आणि दिसले नाही तर तसे सांगतो.

ज्यांना अजून एक्स्पोजर आणि फोकस यांचेच प्रश्न पडतात, त्यांनी या वर्गाची घाई करू नये. त्यांना येथे त्यांच्या गरजेची उत्तरे मिळणार नाहीत. स्पर्धेसाठी गुण किंवा क्रमांक हवे असणाऱ्यांचीही निराशा होईल. परंतु ज्यांना आपल्या मित्रांची चित्रे पाहताना काहीतरी जाणवते आणि ते सांगता येत नाही, किंवा सांगितले की समोरचा दुखावतो, त्यांनी असा वर्ग जरूर करावा. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : चित्रे कोणत्या पडद्यावर दाखवली जातात, एका बैठकीत किती चित्रे होतात आणि चर्चा झालेले चित्र परत पाहिले जाते का. पहिल्या दोहोंच्या उत्तरात उणीव असेल तर ती बोलून सुधारून घेता येते. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर मी पैसे भरणार नाही. या वर्गाच्या पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव दिले आहे आणि ओहोटीच्या पाण्याचे चित्र अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरने नव्याने काढून ठेवले आहे.